प्रार्थनापत्रकातले हर्निया

शनिवार, १४ सप्टेंबर

गुरुवारी मी इथे लिहिलं आहे की वीबेच्या उजव्या मांडीत गाठ आहे. ते चुकीचं आहे. गाठ मांडीत नाही, मांडीच्या वर आहे. हेही पुरतं खरं नाही. मांडीच्या वर, आणि मध्ये. तिथे.

गुरुवारचं वाक्य मी खोडलेलं नाही, त्यावर एकच रेघ मारली आहे, म्हणजे खालची चूक वाचता येईल. हा मेमचा नियम. (आईला आम्ही मेम म्हणतो आणि वडिलांना हाइत. कोणी ही वही वाचलीच तर त्याला कळावं म्हणून लिहिते. कोणी वाचू नये.) आम्हा सातही भावंडांना मेमनेच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवलं. खोडरबर घरात आणायला बंदी होती. चूक दिसली पाहिजे, दुरुस्ती शेजारी पाहिजे, आणि खाली तारीख. बाहेरच्या शाळेचं तोंड मी पंधराव्या वर्षी पाहिलं, तर तिथे सगळ्यांकडे खोडरबर होतं.

गुरुवारी वीबे "मांडीत" असंच म्हणाला होता, तेही माझ्याकडे न बघता, ट्रॅक्टरच्या चाकाकडे बघत. आज मी हाइतच्या गुडघ्याला लावायचं मलम घेऊन गेले आणि म्हटलं, दाखव मांडी, चोळून देते. आमचं मे महिन्यात लग्न आहे, मांडीपर्यंत चालेल असं मला वाटलं. वीबे त्याच्या शेतातल्या गाजराच्या रंगाचा झाला.

"रेन्स्के, मांडीत नाहीये ती."

"मग?"

"जरा वर."

"कमरेत?"

"तेवढी वर नाही."

मग आम्ही दोघंही बराच वेळ चाकाकडे बघत उभे राहिलो.

गाठ वाटाण्याएवढी आहे, कडक आहे, दुखत नाही. जूनपासून आहे. "दुखत नाही म्हणजे काही नसणार," तो म्हणाला. मी म्हटलं, टायरमधली हवा जाते तेव्हा टायरलाही दुखत नाही. शेतातला कांदा शेडमध्ये आत आला की डॉक्टरकडे जातो म्हणाला. मार्शमध्ये, म्हणजे आमच्या या काळ्या मातीच्या पाणथळ शेतवस्तीत, पुरुषांची सगळी दुखणी कांदा आत येईपर्यंत थांबतात.

रविवार, १५ सप्टेंबर

चर्चमध्ये प्रवचनाच्या दुसऱ्या मुद्द्याला नेहमीप्रमाणे पेपरमिंटची पुडी रांगेतून फिरली. मी प्रार्थना केली. देवाला जागा सांगावी लागते का, हे ठरेना. शेवटी "तुला माहीत आहे तिथे" असं म्हटलं.

नंतर कॉफीला चर्चचा कारभार बघणारे एल्डर सीट्समा म्हणाले, "वीबे, पोरा, चालतोस कसा? बदकासारखा."

वीबेने तोंड उघडायच्या आत त्याची आई म्हणाली, "हर्निया."

"हो," वीबे म्हणाला.

सगळ्यांचे चेहरे एकदम सैल झाले. तीन जणांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. एकाने कांद्याच्या पोत्यांना शिव्या दिल्या, म्हणजे चर्चच्या आवारात देता येतील तेवढ्या. वीबेच्या आईला त्याने नक्की काय सांगितलं होतं, असं मी गाडीत विचारलं. "काहीच नाही," तो म्हणाला. "तिने विचारलंच नाही. नुसता हर्नियाचा पट्टा आणून दिला. बाबांचा होता."

गुरुवार, १९ सप्टेंबर

वीबेने डॉक्टरकडे फोन केला. फोन उचलला तान्ते ग्रीतने. ती एल्डर सीट्समांची बायको, दवाखान्यात टेबलाशी बसते, आणि आम्हा सगळ्यांची तान्ते, म्हणजे मावशी. वीबेने मला संभाषण सांगितलं, ते असं:

"कशासाठी रे भेटायचंय?"

"ते… तान्ते… पोती उचलताना…"

"हर्निया. लिहिलं. तुझ्या काकालाही तेच. आईला सांग, परवाचा पाव मस्त जमला होता."

आमचे डॉक्टर सुटीवर आहेत. बदली आलेल्या डॉक्टरने त्याला न बघताच हर्नियाच्या सर्जनसाठी चिठ्ठी दिली. १ ऑक्टोबर.

मी म्हटलं, "अरे, पण तुला हर्निया नाही!"

"तान्ते ग्रीतला काय सांगू? चर्चच्या गायकवृंदात ती अल्टो गाते. मी टेनर. ती दर रविवारी माझ्या बरोब्बर पुढे उभी असते."

संध्याकाळी एल्डरांकडून प्रार्थनेची यादी आली. चर्चचं प्रार्थनापत्रक चार वर्षं मी टाइप करते. त्यात लोकांचे गुडघे असतात, खुबे, हृदय, एकदा तर हाइतचा अंगठाही होता. बेंबीपासून गुडघ्यापर्यंत मात्र आमच्या चर्चमध्ये कोणाला कधी काही होत नाही. हर्निया तेवढा चालतो. यादीत होतं, "वीबे हुक्स्त्रा, हर्निया." मी एल्डरांना फोन करून विचारलं की "प्रकृतीची तक्रार" असं छापलं तर?

"त्याने लोक विचार करायला लागतात," ते म्हणाले.

मी हर्निया टाइप केलं. माझ्या हातून छापलेलं हे पहिलं खोटं.

मंगळवार, १ ऑक्टोबर

हर्नियाच्या सर्जनने वीबेला खोकायला लावलं, डावीकडे बघून, उजवीकडे बघून. हर्निया सापडला नाही.

"तुम्हाला हर्निया आहे असं कोणी सांगितलं?"

"चर्चच्या पत्रकात आहे," वीबे म्हणाला.

सर्जनने विचारलं, दुसरा काही त्रास? वीबे म्हणाला, नाही. मी इथे शब्दशः लिहिते, कारण माझा विश्वास बसत नाही. गाठ घेऊन गेलेला माणूस डॉक्टरसमोर बसून म्हणाला, नाही! त्याचा हात दाराच्या मुठीवर होता तेव्हा सर्जन म्हणाले, "थांबा, पट्टा उलटा लावलाय तुम्ही." त्यांनी तो नीट लावून द्यायला घेतला, आणि अशा रीतीने गाठ सापडली. बाबांच्या पट्ट्यामुळे. पट्टा शेवटी उपयोगी पडला, हे वीबेच्या आईला सांगता येणार नाही.

उद्या सकाळी सोनोग्राफी. आजच्या आज जागा मिळते का, म्हणून सर्जनने स्वतः फोन केला होता. त्यांना एवढी घाई का, ते वीबेने विचारलं नाही. मी विचारते आहे, इथे, वहीत, जिथे उत्तर द्यायला कोणी नाही.

बुधवार, २ ऑक्टोबर

सोनोग्राफी करणारी मुलगी आमच्याच वयाची होती. वीबे पूर्ण वेळ छताकडे बघत होता आणि गेल्या वर्षीच्या पिकाचे आकडे आठवत होता. तिने पडदा त्याच्याकडे फिरवला आणि म्हणाली, "हे बघा, दीड सेंटिमीटर. गोल, कडा स्पष्ट. एक काळं कडं, एक पांढरं, पुन्हा काळं. अगदी कापलेल्या कांद्यासारखं."

"पिवळ्या की लाल?" वीबेने विचारलं.

तिला वाटलं तो विनोद करतोय. तो विनोद करत नव्हता.

गाठीच्या आत रक्तप्रवाह दिसत नाही. हे चांगलं लक्षण, पण सांगणं डॉक्टरांचं काम, असं ती म्हणाली. नंतर तीन तपासण्यांसाठी रक्त घेतलं. कर्करोगाच्या काही गाठी रक्तात खुणा सोडतात, त्या शोधायच्या.

कर्करोग हा शब्द या वहीत पहिल्यांदा आला. मी त्याच्यावर रेघ मारणार होते, पण तो चुकीचा नाही, नुसता भीतीदायक आहे.

दुरुस्ती: गाठ जूनपासून नाही. एप्रिलपासून. पेरणीत वेळ नव्हता म्हणून जूनपासून मोजलं, म्हणाला.

सोमवार, १४ ऑक्टोबर

थँक्सगिव्हिंग, सुगीचे आभार मानायचा सण. सात भावंडं, पाच सुना-जावई, अकरा नातवंडं, आणि वीबे. टर्कीच्या आधी प्रत्येकाने एका गोष्टीबद्दल आभार मानायचे. वीबेने कांद्याबद्दल मानले. फक्त मलाच कळलं असं मला वाटलं.

शुक्रवारी रक्ताचे निकाल आले. तिन्ही साफ. वीबेने हे मला गाडीत सांगितलं तेव्हा त्याचा आवाज अगदी मऊ झाला होता. लगेच त्याने रेडिओ लावला.

जेवताना मोठा भाऊ सीप म्हणाला की त्याच्या एका वळूला यंदा खच्ची करायचंय, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या पुरुषांनी सुरी कोणती, दोरी कशी, यावर पाय चाटत बसलेल्या कुत्र्यासमोर, नातवंडांसमोर, बटाटे वाढून घेत पाऊण तास चर्चा केली. वळूचं सगळं बोलता येतं. वळू पत्रक वाचत नाही.

हाइत त्या चर्चेत नव्हते. ते एकदम वीबेला म्हणाले, "माझा जुना ट्रॅक्टर माहीत आहे ना? एका सिलिंडरवर सव्वीस वर्षं चालला. कधी कुरकुर नाही." आणि ग्रेव्ही पुढे केली. मला वाटतं वीबेला नवा ट्रॅक्टर घ्यायचाय हे त्यांना कळलंय.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

आज मूत्रविकारांच्या तज्ज्ञ, डॉ. लेव्हिट. बाई आहेत. वीबेला हे तिथे गेल्यावर कळलं. मी गाडीत थांबले, थर्मास घेऊन, कारण लग्न न झालेल्या मुलीने त्या खोलीत काय करायचं, असं मेम म्हणाली. दोन तास मी हॉस्पिटलच्या आवारातले मेपल मोजले. तेवीस.

वीबेने येताना जे सांगितलं ते मी तीनदा विचारून घेतलं. चुकीचं लिहायला नको.

या वयात तिथे कडक गाठ आली तर ती बहुतेक वेळा कर्करोगाचीच निघते, म्हणून डॉक्टर तसंच धरून चालतात. पण कांद्यासारखी कडी, आत रक्त नाही, तपासण्या साफ, म्हणजे ही बहुधा साधी गाठ असावी, कातडीच्या पेशी आत अडकून थरावर थर साचलेली. ती पसरत नाही. पण नुसत्या चित्रावरून खात्री देता येत नाही. म्हणून वाटा दोन.

पहिली: जांघेतून छेद घेऊन पूर्ण ते काढून टाकायचं. नंतर तपासायचं.

दुसरी: त्याच छेदातून ते बाहेर घ्यायचं, रक्तपुरवठा थोडा वेळ थांबवायचा, फक्त गाठ सोलून काढायची. वीबे झोपलेला असतानाच शेजारच्या खोलीत तज्ज्ञ ती गोठवून, चकती कापून बघतात. अर्ध्या तासात उत्तर. साधी असेल तर बाकीचं आत ठेवून शिवायचं. नसेल तर मग काढायचं. यासाठी ते तज्ज्ञ हजर लागतात, ते मंगळवारी असतात. नंतर काही काळ दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी.

"मग दुसरीच ना!" मी म्हटलं.

वीबेने खिडकीची काच खाली केली आणि परत वर केली.

"मी पहिलीवर सही केली. १२ नोव्हेंबर."

"का?"

"डॉक्टर म्हणाल्या, विचार करून सांगा. मी म्हटलं, विचार झाला." थोड्या वेळाने, "एकाने चालतं, रेन्स्के. त्या म्हणाल्या. मुलंबाळं, सगळं."

"चालतं म्हणून चांगलं आहे ते फेकून द्यायचं?"

खरं कारण हे नव्हे, एवढं मला कळलं. खरं कारण कळलं नाही.

सोमवार, २१ ऑक्टोबर

हर्नियाच्या माणसांना बरं व्हायला किती दिवस लागतात हे बघायला मी चर्चच्या कपाटातली जुनी पत्रकं काढली. १९८४ पासूनची आहेत. पुरुषांचे एकूण सत्तावीस हर्निया! एल्डर सीट्समांचे दोन, तीन वर्षांच्या अंतराने. हाइतचा एक, मार्च १९९१, तेव्हा त्यांच्या लग्नाला चारच महिने झाले होते. १९९४ मधल्या पाद्रीबाबांचा हर्निया तर दर तीन आठवड्यांनी टोरांटोला जाऊन पाच महिने चालला, आणि त्यात त्यांचे केस गेले. हर्नियात केस जातात हे मला नवीन होतं.

१९९७ मध्ये दाउवे पोस्तमा. वय एकतीस. "हर्नियाच्या दीर्घ आजारानंतर प्रभूकडे गेला."

ते पान मी बराच वेळ हातात धरून बसले.

आमची कांद्याची पोती जड आहेत यात शंका नाही. कांदा उत्पादक संघाला मी पत्र लिहायला घेतलं आहे: पोत्याचं वजन कमी करावं आणि पॅकिंग शेडमध्ये प्रत्येक पुरुषाला उचलण्याचा पट्टा द्यावा. सत्तावीस हा आकडा पत्रात ठळक केला आहे.

एक क्षण मनात आलं की ते सगळे हर्निया हर्नियाच होते ना? पण असा संशय घेणं बरं नाही. वीबेचं वेगळं. तिथे चूक माझ्या हातून छापली गेली. इतकी सगळी माणसं देवासमोर उभं राहून उगाच खोटं कशाला सांगतील?

गुरुवार, २४ ऑक्टोबर

आज मी एक वाईट गोष्ट केली. शिकवताना मेम स्वतःच्या शाळेतलं जीवशास्त्राचं पुस्तक वापरायची. त्यातली २१२ ते २१५ ही पानं तिने पिठाच्या खळीने एकमेकांना चिकटवली होती. लहानपणी आम्ही २११ वर मूत्रपिंड शिकायचो आणि लगेच २१६ वर बेडूक. मला कित्येक वर्षं वाटायचं की माणूस मूत्रपिंडाशी संपतो आणि तिथून पुढे बेडूक सुरू होतो.

मी किटली ठेवली आणि वाफेवर पानं धरली. सुटली. चित्र होतं, नावं होती. वृषण. घ्या, लिहिला. आकाश कोसळलं नाही.

तेवढ्यात मेम आत आली.

"किटली कधीची ओरडतेय गं?"

माझ्या हातात पुस्तक होतं. लपवणं म्हणजे खोडरबर. मी म्हटलं, "मी पानं सोडवली."

तिने पानाला बोट लावून बघितलं. "खळ चांगली होती," ती म्हणाली. "तुम्हा सात जणांना पुरली."

"मेम, तू खोडरबर वापरू दिलं नाहीस. आणि हे?"

मेम बसली. ती दिवसा बसत नाही. "मी खोडलं कुठे? खालचं सगळं शाबूत आहे बघ. मला वाटलं होतं, लग्नाच्या आदल्या आठवड्यात एकेकीला सोडवून दाखवेन. मग दर वेळी केकचंच काम निघायचं."

२१४ व्या पानावर समासात तिच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलं आहे, "एकानेही होतं. डॉक्टरांना दोनदा विचारलं. एप्रिल १९९१." मेम पाठाची तयारी किती आधीपासून करायची! तेव्हा सीपचाही जन्म झाला नव्हता. मी तसं म्हटलं तर ती हसली, मग तिने डोळे पुसले, आणि म्हणाली वाफेने पाणी आलं.

"वीबेचं काय आहे ते मला सांगू नकोस," ती दारातून म्हणाली. "पण डॉक्टरांना विचारायचं असेल तर विचारायच्या वेळी विचारा. नंतर विचारून काय करायचंय."

रविवार, २७ ऑक्टोबर

खरं कारण कळलं. आज चर्चनंतर वीबेच्या ट्रकमध्ये, कालव्याच्या कडेला.

"बघ," तो म्हणाला, "सगळं काढलं की एक ऑपरेशन, दोन आठवडे सुटी, पत्रकात एक ओळ, 'वीबेचा हर्निया बरा झाला', संपलं. दुसऱ्या वाटेने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. तारीख कोण देणार? तान्ते ग्रीत. ती विचारेल, हर्नियाला सोनोग्राफी कशाला रे? मग काय सांगू?"

मी त्याच्याकडे वळले.

"म्हणजे पत्रकातला हर्निया खरा ठरावा म्हणून तू स्वतःचं…"

"तू म्हणतेस तेव्हा मूर्खासारखं वाटतं."

"मी म्हणते म्हणून नाही वाटत तसं."

तो चिडला. मग हसला. मग स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. मला त्याच्या मानेवरचा उन्हाचा पट्टा दिसत होता आणि मला दाउवे पोस्तमा आठवला, जो मी कधी पाहिलाच नाही.

मी पॅकिंग शेडमध्ये चार हंगाम कांदे निवडले आहेत. वीबेला मी त्याच्याच भाषेत विचारलं. "इन्स्पेक्टर येतो. एका कांद्याच्या मानेशी त्याला शंका येते. मग तो काय करतो?"

"कापून बघतो."

"आधी गाडी खड्ड्यात ओततो, आणि मग कापून बघतो?"

"आधी कापतो."

"आणि साधा डाग निघाला तर?"

"गाडी पुढे जाते." त्याने कपाळ स्टिअरिंगवरून उचललं. "पण इन्स्पेक्टरला गाडीचं नाव पत्रकात छापायचं नसतं."

"हर्निया मी छापलाय. मी दुरुस्ती छापते."

"तू? तो शब्द?" त्याने माझ्याकडे बघितलं. दीड महिन्यात पहिल्यांदा. चाकाकडे नाही, रस्त्याकडे नाही. "छापून दाखव, रेन्स्के. तू छाप, मी फॉर्म बदलतो. ८ तारखेला ऑपरेशनच्या आधीची भेट आहे. तेव्हा बदलता येतो."

त्याला वाटलं मी छापणार नाही. मलाही तसंच वाटलं.

बुधवार, ३० ऑक्टोबर

एल्डर सीट्समांकडे मसुदा घेऊन गेले. खाली वीबेची सही घेतली होती. त्याचं शरीर, त्याची परवानगी हवी. (सही करताना तो म्हणाला, "आता तान्ते ग्रीतला पुढून मागे वळावं लागेल.") मसुदा असा:

"दुरुस्ती. २२ सप्टेंबरच्या पत्रकात वीबे हुक्स्त्रा यांना हर्निया असल्याचं छापलं होतं. त्यांना हर्निया नाही. उजव्या वृषणात गाठ आहे, ती बहुधा साधी आहे. शस्त्रक्रिया मंगळवारी १२ नोव्हेंबरला. प्रार्थना करावी, पट्टे आणून देऊ नयेत. चूक टाइप करणारीची. रेन्स्के दायकेमा."

एल्डरांनी चष्मा लावला, काढला, पुसला, लावला.

"आपल्या पत्रकात दुरुस्त्या छापायची प्रथा नाही."

"२००८ मध्ये छापली आहे," मी म्हटलं. "वाटाण्याच्या सुपाऐवजी भाज्यांचं सूप छापलं गेलं होतं."

"सूप वेगळं!"

"तिथेही लोकांना चुकीचं सांगितलं गेलं होतं."

"हा शब्द आहे ना," ते मसुद्यावर बोट न ठेवता म्हणाले, "लहान मुलं वाचतात पत्रक. आणि बाकीच्यांचं काय? एकाची दुरुस्ती आली की लोक मागचे सगळे अंक काढून बसतील!"

"मी काढले," मी म्हटलं. "सत्तावीस आहेत. मी कांदा संघाला पोत्यांच्या वजनाबद्दल पत्र लिहिलंय. तुमचेही दोन त्यात धरलेत."

एल्डरांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. शेवटी ते म्हणाले, हे छापलंस तर पुढच्या आठवड्यापासून पत्रक दुसरं कोणी टाइप करेल. मी म्हटलं, समजलं. स्वयंपाकघरातून तान्ते ग्रीत कॉफी घेऊन आली. तिने आमचं सगळं ऐकलं असावं, कारण तिने माझ्या बशीत दोन बिस्किटं ठेवली आणि एल्डरांच्या बशीत एकही नाही.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

छपाईचं यंत्र चर्चच्या कार्यालयात आहे, त्याची किल्ली एल्डरांकडे. पॅकिंग शेडमध्ये पोत्यांची लेबलं छापायचं आमचं स्वतःचं आहे, त्यावर कागदही चालतो. मी हाइतना परवानगी विचारायला गेले. मसुदा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो सावकाश वाचला. ते लेबलंसुद्धा सावकाश वाचतात.

"किती प्रती?"

"एकशे चाळीस."

"एल्डर काय म्हणाले?"

"नको म्हणाले. त्यांना न सांगता छापणार नाही. छापून झाल्यावर पहिली प्रत त्यांच्याच घरी देणार आहे."

हाइत यंत्राच्या झाकणावरची काळी माती बोटाने पुसत राहिले. "खाली जागा आहे का?"

"दोन ओळींची."

"मग माझीही टाक. मार्च १९९१."

"त्यात काय चुकलंय?"

"वीबेचं चुकलं तेच," ते म्हणाले. "डावी." त्यांनी शेजारची लेबलं हातात घेतली. मग म्हणाले, "माझ्या वेळी कोणी आधी कापून बघितलं नाही. सरळ काढलं. नंतर कळलं, काही नव्हतं त्यात. मी कोणाला म्हटलं नाही. पाठीवर थापा मारल्या सगळ्यांनी."

मी पत्रकात टाकलं आहे: "दुरुस्ती. मार्च १९९१ च्या पत्रकात हेसल दायकेमा यांच्या हर्नियाबद्दल अशीच चूक होती. डावी बाजू." म्हणजे तेव्हा हर्नियाची बाजू उलटी छापली गेली असणार. हर्नियात आधी काय कापून बघायचं असतं, ते मात्र मला समजलं नाही. मेमला विचारेन. हाइतना तेव्हा विचारावंसं वाटलं नाही, कारण ते रडत होते, आणि हातातली लेबलं उलटी धरून वाचत असल्यासारखं करत होते.

छापून झालं. एकशे चाळीस प्रती खोक्यात आहेत, वरचा कागद थोडा कांद्याचा वास मारतो. शनिवारी दुपारी पहिली प्रत एल्डरांच्या दारात. उरलेल्या मी स्वतः बाकांवर ठेवणार, अल्टोंच्या रांगेपासून सुरुवात करून: रविवार, ३ नोव्हेंबर, सकाळी सव्वानऊ.